लपवण्यासारखं काही नसलं, तरी फोनला कुलूप हवंच

मागच्या महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी युवकांचे एक दिवसाचे शिबिर होते. जेवणानंतरच्या सत्रात मी फोनच्या सुरक्षिततेवर बोलायला उभा राहिलो. दोन वाक्ये झाली असतील नसतील, तोच चळवळीत तीस वर्षे घातलेले एक दादा उठले. म्हणाले, "आपण काय चोऱ्या करतो का? आपल्याकडं लपवण्यासारखं आहेच काय? ज्याला बघायचं त्यानं खुशाल बघावं. आपण बाबासाहेबांची लेकरं, आपण कुणाला भीत नाही!" टाळ्या पडल्या.

मी वाद घातला नाही. सगळ्यांना एवढेच सांगितले की फोन काढा, व्हॉट्सॲप उघडा, सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस'वर जा आणि तिथे काय दिसते ते बघा. हॉलमध्ये चाळीसेक जण होते. त्यातल्या चौघांच्या फोनला असे कॉम्प्युटर जोडलेले निघाले, जे त्यांचे नव्हते. एकाचा होता झेरॉक्सच्या दुकानातला. स्कॉलरशिपची कागदपत्रे प्रिंट करायला त्याने तिथे व्हॉट्सॲप उघडले होते आणि बंद करायचे विसरला होता. दोघांना तो कॉम्प्युटर कुणाचा ते सांगताच आले नाही. चौथी एक मुलगी होती. तिने स्क्रीन बघितली, फोन पालथा ठेवला आणि उरलेल्या सत्रात एक शब्द बोलली नाही. तिची गोष्ट मी इथे लिहिणार नाही. ती तिची आहे.

आणि दादा? दादांच्या फोनला कुलूपच नव्हते. त्याच फोनवर ते पाच ग्रुपचे ॲडमिन आहेत. म्हणजे तालुक्यातल्या शेकडो कार्यकर्त्यांची नावे, नंबर, बैठकांच्या जागा, वर्गणीचा हिशोब आणि अत्याचाराच्या दोन प्रकरणांतल्या साक्षीदारांचे पत्ते उघड्या खिशात फिरत होते. दादांकडे लपवण्यासारखे काही नसेल. पण त्या साक्षीदारांचे काय? त्यांना कोणी विचारले होते?

हा लेख दादांच्या त्या टाळीच्या वाक्याविरुद्ध आहे.

'लपवण्यासारखं काय आहे?' हा प्रश्नच चुकीचा आहे. आपण मतदानाला जातो तेव्हा पडद्याआड मत देतो. तिथे कोणी विचारते का, की तू चोर आहेस का, पडदा कशाला? पाटलाच्या शेतावर राबणाऱ्या बाईला उघड हात वर करून मत द्यायला लावले असते, तर तिने कुणाला मत दिले असते? गुप्त मतदानाने ती गुन्हेगार ठरत नाही, ती मोकळी होते. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला पडद्याची गरज कमी असते. ज्याची रोजी, खोली, हॉस्टेल, प्रमोशन दुसऱ्याच्या हातात आहे, त्याला पडदा लागतोच. म्हणून खासगीपणा हा शहरातल्या इंग्रजी बोलणाऱ्यांचा चोचला नाही. त्याची सर्वात जास्त गरज आपल्याला आहे.

पाळत ही गोष्टसुद्धा आपल्या समाजाला नवी नाही. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. नावनोंदणी करायची, हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवानगी घ्यायची. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणाआड ठेवली. त्या माणसांनी काय लपवले होते? काहीच नाही. गुन्हा शोधण्यासाठी पाळत नव्हती, पाळतीने माणूस गुन्हेगार ठरत होता. 1952 मध्ये तो कायदा देशभरातून गेला, पण ज्याच्या जातीवरच संशय आहे त्याने आपला निर्दोषपणा दाखवत फिरायचे, ही सवय गेली नाही. 'बघा खुशाल, आमच्याकडे काही नाही' असे आपण छाती काढून म्हणतो, तेव्हा आपण निर्भय नसतो. आपण हजेरी देत असतो.

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'चा जप आपण राज्य समाजवादासाठी करतो. पण 1947 च्या त्याच मसुद्यात मूलभूत हक्कांच्या यादीत आणखी एक कलम आहे, त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण असावे, सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये, अशी ती तरतूद होती. अंतिम संविधानात ती आली नाही. डिसेंबर 1948 मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत त्याच अर्थाची दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारायची तयारी दाखवली. सभागृहाने मात्र ती घेतली नाही. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मधे सत्तर वर्षे गेली. बाबासाहेबांनी 'कागदपत्रे' म्हटले होते. आज आपली सगळी कागदपत्रे फोनमध्ये आहेत: जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, आधार, बँक, निवेदने, ऑडिओ, फोटो. त्या फोनची राखण म्हणजे बाबासाहेबांनी मागितलेला हक्क बजावणे आहे. यात भित्रेपणा कुठे आला?

आता दादांचा मुद्दा क्षणभर मान्य करू. समजा, आपल्याकडे खरोखरच लपवण्यासारखे काही नाही. तरीही प्रश्न संपत नाही. कारण धोका फक्त तुमचे वाचले जाण्याचा नाही. तुमच्या नावाने लिहिले जाण्याचा आहे.

भीमा कोरेगाव - एल्गार परिषद प्रकरणात जे घडले ते प्रत्येक आंबेडकरी तरुणाने नीट समजून घेतले पाहिजे. एप्रिल 2018 मध्ये दिल्लीत रोना विल्सन यांच्याकडून लॅपटॉप जप्त झाला. त्यातल्या पत्रांवर आरोपपत्राचा मोठा डोलारा उभा राहिला. बचाव पक्षाने त्या डिस्कची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल फॉरेन्सिक कंपनीकडे तपासायला दिली. फेब्रुवारी 2021 मध्ये तिचा अहवाल बाहेर आला. त्याचा निष्कर्ष असा: 13 जून 2016 रोजी ओळखीच्या माणसाच्या ईमेल खात्यावरून आलेली एक फाइल विल्सन यांनी उघडली. त्या एका क्लिकने 'नेटवायर' नावाचे मालवेअर लॅपटॉपमध्ये शिरले. पुढचे जवळजवळ बावीस महिने तो लॅपटॉप दुसराच कोणी दुरून हाताळत होता. त्याने एका लपवलेल्या फोल्डरमध्ये किमान दहा पत्रे आणून ठेवली. ती पत्रे विल्सन यांनी कधी उघडल्याचा मागमूस सापडला नाही. काही पत्रे वर्डच्या ज्या आवृत्तीत तयार झाली होती, ती आवृत्ती त्या लॅपटॉपवर नव्हतीच. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या कॉम्प्युटरबद्दलही अशाच प्रकारचा अहवाल आला. स्टॅन स्वामी यांच्या कॉम्प्युटरबद्दलचा अहवाल डिसेंबर 2022 मध्ये आला. तोवर ते गेले होते. 84 वर्षांचा तो म्हातारा 5 जुलै 2021 रोजी कोठडीतच वारला.

एनआयएने हे अहवाल मान्य केलेले नाहीत आणि त्यांची कसोटी खटल्यात लागायची आहे. पण निकालाची वाट न बघता एक गोष्ट शिकता येते. या प्रकरणात 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे जून 2018 पासून जानेवारी 2025 मध्ये जामीन मिळेपर्यंत, म्हणजे साडेसहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिले. आनंद तेलतुंबडे यांना हजर व्हावे लागले तो दिवस होता 14 एप्रिल 2020. अडीच वर्षांनी ते सुटले. हायकोर्टाने जामीन दिला, सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला, पण गेलेली वर्षे कोण परत देणार? यूएपीएमध्ये प्रक्रिया हीच शिक्षा असते. 'मी निर्दोष आहे' हे वाक्य अशा वेळी पुरत नाही. 'माझ्या उपकरणात माझ्याशिवाय कोणी शिरले नव्हते, आणि शिरले असेल तर हा त्याचा पुरावा' हे सांगता आले पाहिजे.

इथे दुसऱ्या टोकाचे लोक बोलू लागतात. "सरकारनं ठरवलं तर काहीही करू शकतं. पेगासस आहे. कुलूप लावून काय उपयोग?" हे वाक्य शहाणपणाचे वाटते, पण त्याचा अर्थ दादांच्या वाक्याइतकाच आहे: काही करू नका.

पेगासस खरे आहे. 2019 मध्ये व्हॉट्सॲपनेच सांगितले की जगभरातल्या सुमारे 1400 जणांवर त्याचा मारा झाला. त्यात भारतातले वकील, पत्रकार, कार्यकर्ते होते, तेलतुंबडेही होते. त्या हल्ल्यात लिंक दाबायचीही गरज नव्हती, नुसता व्हिडिओ कॉल यायचा. पुढे सुप्रीम कोर्टाच्या समितीने 29 फोन तपासले. पाचांत मालवेअर सापडले, पण ते पेगाससच होते असे ठामपणे म्हणता आले नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट 2022 मध्ये भर न्यायालयात सांगितले. कायद्याची बाजूही आपल्याकडे भक्कम नाही. 20 डिसेंबर 2018 च्या आदेशाने दहा केंद्रीय यंत्रणांना कुठल्याही कॉम्प्युटरमधली माहिती बघण्याचा अधिकार दिला गेला. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारने स्वतःच्या यंत्रणांना सूट देण्याची वाट ठेवली. या लढाया कोर्टात आणि रस्त्यावर लढाव्याच लागतील.

पण पेगासस प्रचंड महाग आहे. ते प्रत्येक तालुक्याच्या अध्यक्षावर कोणी सोडत नाही. आपल्या नव्वद टक्के पोरांवरची पाळत फुकटातली आहे. विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये शिरले तेसुद्धा कुठले दिव्य तंत्र नव्हते. ईमेलमधून आलेली फाइल होती. आपल्याकडे तीच चाल 'लग्नपत्रिका' किंवा 'योजनेचा फॉर्म' नावाच्या एपीके फाइलने येते. सायबर कॅफेवाला स्कॉलरशिपचे खाते उघडून देतो, त्यात स्वतःचा ईमेल टाकतो आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवतो. फोन घेतला त्या दिवशी दुकानदार किंवा मोठा भाऊ गुगल अकाउंट तयार करून देतो, आणि मग पाच वर्षे तुमचे फोटो, तुम्ही कुठे आहात ते आणि तुमचे कॉन्टॅक्ट, सगळे त्याला दिसू शकते. या वाटा बंद करायला पैसा लागत नाही, तासभर वेळ लागतो. सरकार सर्वशक्तिमान आहे म्हणून दाराची कडीही न लावणे, याला राजकीय समज म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

एका पाळतीबद्दल तर आपण चळवळीत बोलतच नाही. ती घरातली. आंतरजातीय लग्नांवर आपण भाषणे ठोकतो, पण स्वतःच्या बहिणीच्या फोनचा पॅटर्न आपल्याला पाठ असतो. 'काळजीपोटी' बायकोचे लोकेशन बघणारे कार्यकर्ते आपल्यात आहेत. स्त्रीवर पहारा ठेवूनच जात टिकते, हे बाबासाहेबांनी 1916 सालीच कोलंबियात वाचलेल्या निबंधात मांडले होते. तो पहारा आज फोनमधून चालतो. पोलिसांच्या पाळतीविरुद्ध घोषणा द्यायच्या आणि घरात स्वतः पोलीस व्हायचे, हे चालणार नाही.

म्हणून काय करायचे ते स्पष्ट लिहितो.

आपल्या फोनवर कोणाची तरी नजर आहे असा संशय असेल, तर उपाय त्याच फोनवर शोधू नका. विश्वासातल्या दुसऱ्याच्या फोनवरून शोधा, बोला. महत्त्वाचे पासवर्डही त्या दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरूनच बदला. नजर ठेवणारा घरातला आणि हिंसक असेल, तर पाळतीचे ॲप दिसताक्षणी काढून टाकू नका. ते काढले की त्याला कळते आणि त्याचा राग तुमच्यावर निघतो. आधी राहायची जागा, सोबतचे माणूस, वकील ठरवा, मग हात लावा. महिलांसाठी 181 आणि तातडीला 112 हे नंबर पाठ असू द्या.

मग खाती तपासा. व्हॉट्सॲपचे अनोळखी लिंक्ड डिव्हाइस काढा, टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. गुगल खात्याच्या 'सिक्युरिटी'त जाऊन कोणकोणत्या उपकरणांवर खाते उघडे आहे ते बघा. रिकव्हरी ईमेल आणि नंबर तुमचाच आहे ना, हे बघा. दुसऱ्याचा असेल तर पासवर्ड कितीही वेळा बदला, तो परत आत येईल. जीमेलमध्ये कुठे फॉरवर्डिंग लावलेले नाही ना, मॅप्समध्ये लोकेशन कुणाला शेअर नाही ना, हेही बघा. अँड्रॉइडमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस ॲडमिन' या यादीत अनोळखी ॲप असेल तर ती धोक्याची खूण समजा.

फोनला सहा आकडी किंवा त्याहून लांब पिन ठेवा. अपडेट आले की त्याच दिवशी करा, जुन्या भोकांतूनच मालवेअर शिरते. ईमेलने किंवा व्हॉट्सॲपने आलेली फाइल, मग ती ओळखीच्या माणसाची का असेना, अचानक आलेली असेल तर उघडण्याआधी त्याला फोन करून विचारा. विल्सन यांना आलेली फाइलही ओळखीच्याच खात्यावरून आली होती.

एन्क्रिप्शनबद्दलही गैरसमज नको. सिग्नल वापरा, चांगले आहे, मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय लावा. पण एन्क्रिप्शन वाटेवर संरक्षण देते, दोन्ही टोकांना नाही. फोनच दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर तो तुमच्या खांद्यावरूनच वाचतो आहे. व्हॉट्सॲपचा बॅकअप ड्राइव्हवर जात असेल तर त्याचेही एन्क्रिप्शन वेगळे चालू करावे लागते. आणि मजकूर कोणी वाचला नाही तरी कोणी कोणाला, किती वाजता, कुठून फोन केला, एवढ्यावरूनही संघटनेचा नकाशा काढता येतो.

मोठा हल्ला झाल्याचा संशय असेल तर घाबरून फोन रीसेट करू नका. पुरावा जाईल. फोन बाजूला ठेवा, वकिलाशी बोला. ॲक्सेस नाऊसारख्या संस्थेची कार्यकर्त्यांसाठी मोफत हेल्पलाइन आहे, तिथे मदत मागा.

झडती झालीच तर भांडू नका, नोंद करा. पंचनाम्याची प्रत मागा, त्यात उपकरणाचे मॉडेल आणि आयएमईआय नंबर आहे का बघा, तुमच्यासमोर सील करायला सांगा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती-जप्तीचे व्हिडिओ चित्रण बंधनकारक आहे, त्याची आठवण करून द्या. आणि हॅश व्हॅल्यू मागा. हॅश म्हणजे त्या डेटाचा अंगठा. आतला एक स्वल्पविराम बदलला तरी तो आकडा बदलतो. जप्तीच्या दिवशीचा आकडा तुमच्या हातात असेल तर नंतर आत काही घातले गेले की नाही ते सांगता येते. पासवर्ड देण्याची सक्ती करता येते का यावर न्यायालयांची मते एकसारखी नाहीत, म्हणून वकिलाचा नंबर फोनमध्ये नव्हे, डोक्यात ठेवा.

शेवटी एक इशारा. हे वाचून आपल्यात संशयाचे भूत घुसू देऊ नका. 'हा खबऱ्या, तो खबऱ्या' म्हणत एकमेकांचे फोन तपासायला लागलो, तर पाळत ठेवणाऱ्याचे काम आपणच फुकटात केले. आपली चळवळ भूमिगत नाही आणि होणारही नाही. महाडचे तळे उघड्यावर चाखले गेले, मनुस्मृती उघड्यावर जाळली गेली. आपली मागणी, आपले निवेदन, आपला मोर्चा, सगळे चव्हाट्यावर असले पाहिजे. झाकायची आहेत ती माणसे: तक्रारदार, साक्षीदार, घरातून निघून आलेली मुलगी, नोकरी सांभाळून वर्गणी देणारा कर्मचारी. भूमिका जाहीर, माणसे सुरक्षित. एवढा फरक कळला तरी पुरे.

त्या शिबिराच्या शेवटी दादा माझ्याकडे आले. फोन पुढे केला आणि म्हणाले, "पिन कसा लावायचा ते दाखव. माझ्यासाठी नाही, त्या दोन केसमधल्या लोकांसाठी." मी दाखवला. मग त्यांनी पाचही ग्रुपमधून साक्षीदारांचे पत्ते असलेले मेसेज शोधून पुसायला घेतले. चष्मा पुसत पुसत दीड तास ते तिथे बसले होते. ज्यांनी डाउनलोड केले असतील त्यांना ते आता एकेक फोन करणार आहेत.

तुमच्या शाखेची, जयंती मंडळाची, अभ्यासवर्गाची पुढची बैठक असेल, त्यात वंदनेनंतर पहिली पंधरा मिनिटे याला द्या. प्रत्येकाने फोन काढायचा आणि स्वतःचा स्वतःच तपासायचा. दुसऱ्याच्या स्क्रीनकडे बघायचे नाही.

जय भीम.